मराठी शब्दाला दहा रुपये

इंग्रजी संभाषण मंडळाने यंदा भोंडला ठेवलाय. इंग्रजीतून. पाटावर खडूने काढलेला हत्ती बोलत नाही, त्यामुळे त्याला दंड नाही. बाकी सगळ्यांना आहे.

ही मंडळं तुम्हाला सांगायला नकोत. योगवर्गाच्या सतरंज्या गुंडाळल्या की त्याच हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडायच्या, साठीपुढच्या पंधरा-वीस जणांनी एकमेकांना ‘हाऊ आर यू’ विचारायचं आणि गुडघे ठणकत असताना ‘फाइन’ म्हणायचं. सामाजिक-सांस्कृतिक उपक्रम म्हणजे कोजागरीचं दूध, मोरगावची सहल आणि संक्रांतीला तिळगूळ. तिळगूळ घेतल्यावर गोड बोलायचंच, पण मराठीत बोललात तर दहा रुपये.

दंडाचा डबा हे मंडळाचं खरं दैवत. श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला सुरीने पाडलेली चीर. तो सांभाळणारे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळे रीतसर वही आहे: तारीख, नाव, उच्चारलेला शब्द, रक्कम, सही. पूर्वी दर पाच रुपये होता. 2024 साली ऐन घटस्थापनेला, 3 ऑक्टोबरला, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि मंडळाने त्याच नवरात्रात दर दहा केला. अभिजात माल जुन्या भावाने कोण देईल?

नियम बारकाईने केलेत. विशेषनामांना माफी. खाद्यपदार्थांना निम्मा दर. ‘अय्या’ हा शब्द आहे की नुसता आवाज, यावर एक अख्खी बैठक झाली आणि तो आवाज ठरून सुटला. ‘अगं बाई’ मात्र दोन शब्द, वीस रुपये. एक काकू नवऱ्याला ‘अहो’ म्हणाल्या. नावाने हाक मारा, दंड वाचेल, असं त्यांना समजावलं गेलं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झालेल्या त्या बाईंनी पर्स उघडली, दहाची नोट डब्यात सरकवली आणि पुन्हा तितक्याच ठामपणे म्हणाल्या, ‘अहो!’

भोंडल्याने मात्र या अर्थव्यवस्थेचं कंबरडं मोडलं. गाणी मराठी. खजिनदारांनी हिशेब मांडला: चौदा बायका, एका गाण्यात ढोबळ पन्नास शब्द, म्हणजे सातशे शब्द, सात हजार रुपये. पाच गाण्यांचे पस्तीस हजार. ध्रुवपद दर कडव्याला येतं, ते दरवेळी मोजायचं की एकदाच, हा मुद्दा राहिलाच. कुणी ठोक दराची सूचना केली, कुणी ज्येष्ठांना सवलत मागितली, पण सगळेच ज्येष्ठ असल्याने ती बारगळली. शेवटी तोडगा निघाला: गाणी तोंड मिटून म्हणायची. तेव्हा चौदा बायकांनी जरीच्या साड्या नेसून, हातात हात गुंफून, हत्तीभोवती ‘हुं हुं हुं’ करत फेर धरला. खालून जाणाऱ्या भाजीवाल्याने वॉचमनला विचारलं म्हणे, कोण गेलं?

मग खिरापत. डबा वाजवून दाखवला, झाकण किलकिलं झालं, वास हॉलभर पसरला. सगळ्यांनी ओळखली. बोलेना कुणी. ‘ग्रीन... लीफ... रोल... फ्राय...’ अशी काही वेळ झटापट झाली. ज्यांच्या हातच्या अळूवड्या सगळ्या गल्लीत नावाजलेल्या, त्या अळूवडीसमोर गप्प उभ्या. अखेर एकीने पाचाचं नाणं डब्यात टाकलं आणि एकदाचं ते नाव घेतलं. टाळ्या पडल्या. टाळ्यांना दंड नाही.

आता हसून झालं असेल तर ऐका. या बायका इथे हौसेने येत नाहीत. अमेरिकेतल्या नातवाशी बोलता यावं म्हणून येत असत्या, तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. यांचा नातू तीन गल्ल्या पलीकडे राहतो! त्याचा जन्म इथला, दूध इथल्या डेअरीचं, आणि आजीने ‘पासष्ट’ म्हटलं की तो आईकडे बघतो. आई म्हणते, घरात दोन भाषा झाल्या की त्याचा गोंधळ उडतो, तेव्हा तुम्हीच थोडं शिका ना, आई. पोरगं सहा वर्षांचं, जे कानावर पडेल ते आठवड्यात उचलेल, पण शिकायचं कुणी? एकाहत्तर वर्षांच्या बाईने. तेही शब्दाला दहा रुपये भरून!

आणि ही शिकवण देणारे आई-बाप स्वतः कुठे शिकले? मराठी शाळेत. जून 2000 पासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, त्याआधी पाचवीपासून होतं. तेवढ्या इंग्रजीवर यांच्या नोकऱ्या लागल्या, फ्लॅट झाले, परदेशवाऱ्या झाल्या. कुणाचाही गोंधळ उडाला नाही. तो नेमका आता, आजीच्या गोष्टीने उडणार आहे. गोष्ट सांगायला आसुसलेली बाई फुकट घरात बसलेली असताना ‘स्टोरीटेलिंग’च्या क्लासला हजारो रुपये भरणाऱ्यांच्या तोंडी गोंधळाची भाषा शोभत नाही.

तेव्हा खजिनदारसाहेब, डबा चुकीच्या हॉलमध्ये ठेवलाय. तो उचला आणि तीन गल्ल्या पलीकडे, त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवा. आजीशी नातवाला इंग्रजीत बोलायला लावलं की वाक्याला शंभर रुपये, वसुली आई-बापाकडून. पोराला माफी. ऑनलाइन देतो म्हणाले तर ऐकू नका, रोख घ्या. सुटे नाहीत म्हणतील; तुमच्या वहीवरून दिसतंय, आजींकडे भरपूर आहेत.