सद्भाव गृहीत धरून

पगारी माणसांचं भांडण साहेबाच्या केबिनमध्ये मिटतं. बिनपगारी माणसाला साहेब नसतो, बढती नसते, बदलीची भीतीही नसते, त्यामुळे भांडण मिटवायची घाईही नसते. गणेशोत्सव मंडळात कितीही जुंपली तरी निदान अनंत चतुर्दशीची तारीख ठरलेली असते. विकिपीडियाला विसर्जन नाही. जानेवारी २००१ पासून हजारो लोक तिथे रोज फुकट काम करतात आणि उरलेल्या वेळात, तेही फुकटच, भांडतात.

कुणी म्हणेल, विश्वकोश लिहायचा म्हणजे मतभेद व्हायचेच. काश्मीर आहे, पॅलेस्टाइन आहे. ते तर आहेतच. पण आमच्या अभ्यासाचा विषय दही हा आहे. इंग्रजी विकिपीडियावर दह्याचा लेख आला डिसेंबर २००२ मध्ये. शीर्षक ब्रिटिश वळणाचं होतं, म्हणजे मधे एक 'एच' होता. तो अमेरिकेच्या डोळ्यांवर आला. एच राहावा की जावा, यावर दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी जो कीस पाडला तो संपला जुलै २०११ मध्ये. एच गेला. दही एका रात्रीत लागतं. त्याच्या स्पेलिंगचा निकाल लागायला साडेआठ वर्षं लागली.

त्यामानाने 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस' या सिनेमाच्या नावाचं प्रकरण झटपट उरकलं. 'इन्टू'चा पहिला आय मोठा की छोटा, एवढाच मुद्दा. एक पक्ष म्हणे, हे उपशीर्षक आहे, मधलं कोलन तेवढं गळलंय, तेव्हा अक्षर मोठं हवं. दुसरा म्हणे, नाव सलग वाचा, आणि आपल्या नियमावलीप्रमाणे पाचपेक्षा कमी अक्षरांचं शब्दयोगी अव्यय छोट्या अक्षरानेच सुरू होतं. चाळीस हजारांहून जास्त शब्द खर्ची पडले. जानेवारी २०१३ अखेर मोठा आय जिंकला. सिनेमा लागला मे महिन्यात. म्हणजे एक अख्खी कादंबरी होईल एवढा मजकूर मंडळींनी सिनेमा न पाहता लिहिला. (देवनागरीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत म्हणून कुणी सुटकेचा निःश्वास टाकू नये. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ आहे.)

यात हसण्यासारखं काही नाही. पुंजभौतिकीच्या लेखासमोर माणूस गप्प बसतो, कारण तिथे बोलायचं तर आधी वाचावं लागतं. आय मोठा की छोटा, हे मात्र सगळ्यांनाच कळतं.

बरं, तंटा मिटवायची व्यवस्था नाही म्हणावं, तर तसंही नाही. आपल्याकडे सरकारने २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम काढली, बक्षिसं लावली. विकिपीडियाकडे तिच्याही आधीपासून सोय आहे. पहिल्यांदा लेखाच्या चर्चा पानावर बोलायचं. जमलं नाही तर तिऱ्हाइताचं मत घ्यायचं. तेही पटलं नाही (तिऱ्हाइताचं मत आपल्या बाजूने नसेल तर ते पटत नाहीच) तर अख्ख्या समाजाला साद घालायची. समाज येतो, पानंच्या पानं लिहितो. मतं मोजायची मात्र नाहीत, कारण मतदान हा चर्चेला पर्याय नव्हे, असं तत्त्व आहे. वादात नसलेला कुणीतरी सगळं वाचून सहमती कोणत्या बाजूला झुकली ते सांगतो. सगळं वाचणारा असा माणूस सापडेपर्यंत आणखी पानं भरतात.

याला कंटाळून परस्पर दुसऱ्याचा मजकूर उलटवत बसलात तर चोवीस तासांत तीनदा चालतं. चौथ्यांदा उलटवलंत की दार बंद होऊ शकतं. अनुभवी माणूस चौथी खेप दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर घालतो. त्यालाही नियमात मनाई आहे, पण ती सिद्ध करायची तर पुन्हा चर्चा आली.

या सगळ्यावर एक छत्र आहे: समोरच्याचा सद्भाव गृहीत धरा. हा नियम इतका पाळला जातो की प्रत्येक शिवीच्या आधी तो लिहिलेला असतो. 'आपला सद्भाव गृहीत धरून विचारतो, आपण संदर्भ वाचता की नुसते चिकटवता?'

२००४ साली तिथे दोन समित्या कामाला लागल्या. एक समेट घडवणारी, दुसरी निवाडा करणारी. समेटवाली २०१८ साली बंद झाली, कारण तिच्याकडे फारसं कुणी जाईना. निवाडेवाली अजून चालू आहे. मात्र दह्यात एच असावा का, हे ती सांगत नाही. मजकुरात ती पडतच नाही. एचवरून कोण कुणाला काय बोललं, एवढंच बघते. तिच्या दारात आलेला वादी कधीकधी स्वतःच शिक्षा घेऊन परततो, कारण खरडपट्टी दोन्ही बाजूंची निघू शकते.

कधीकधी तोडगे निघतातही. शहराचं नाव ग्दान्स्क की डान्झिग, या पोलिश-जर्मन वादात २००५ साली अखेर मतदान झालं (होय, तेच ते, पर्याय नसलेलं) आणि ठरलं की १३०८ ते १९४५ पर्यंत डान्झिग, बाकी ग्दान्स्क. भारताच्या वाट्याला याहून सोपा न्याय आला. शहरांच्या, माणसांच्या लेखांत सुरुवातीला कुणाची लिपी आधी, यावर आपली मंडळी एकमेकांना उलटवू लागली. बेळगावसारख्या गावाचं काय होत असेल, याची कल्पना वाचकांना आहे. २०१२ च्या सुमारास निर्णय झाला: लेखाच्या सुरुवातीला भारतीय लिप्याच नकोत. आई भांडणाऱ्या पोरांचं खेळणं माळ्यावर टाकते, तसं झालं. पोरं काही काळ गप्प बसली.

पण आमच्या मते स्वयंसेवी वादाचं शिखर गाठलं ते डेबियनने. ही संगणकप्रणाली जगभरचे लोक हौसेने बांधतात. सुरुवातीलाच चालू होणारा भाग कोणता वापरायचा यावर २०१४ साली त्यांच्या तांत्रिक समितीत समसमान मतं पडली आणि अध्यक्षांना निर्णायक मत द्यावं लागलं. तेवढ्याने भागलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात याच भांडणातून साऱ्या सदस्यांचं मतदान झालं. पर्याय अनेक होते. जिंकलेला पर्याय असा: या विषयावर मतदानाची गरज नाही. नाराज मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. तिथेही आता स्वयंसेवकच आहेत.

राहता राहिली मराठी. आपला विकिपीडिया २००३ सालच्या १ मे रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी सुरू झाला. त्याला चावडी आहे, प्रचालक आहेत, सराव करायला धूळपाटी आहे, सांगितलं तेवढं निमूट करणारे सांगकामेसुद्धा आहेत. लेख लाखाच्या घरात आहेत. नाहीत ती भांडायला माणसं. मराठी ही मातृभाषा म्हणून २०११ च्या जनगणनेत सव्वाआठ कोटींहून अधिक लोकांनी सांगितली. चावडीवर मात्र तीच ती मोजकी नावं दिसतात. कित्येक लेखांचं चर्चा पान आजवर कुणी उघडलेलंच नाही. लेखात चूक असली तरी ती वर्षानुवर्षं सुखाने नांदते. तिला उलटवायला कुणी येत नाही, की तिची बाजू घ्यायलाही कुणी येत नाही. इंग्रजीत एका आयसाठी चाळीस हजार शब्द निघतात आणि आपल्याकडे अख्ख्या तालुक्यावरचा लेख दोन ओळींत आटोपतो, ही काही मराठी स्वभावाला शोभणारी गोष्ट नाही.

तेव्हा वाचकहो, सोसायटीच्या वार्षिक सभेत आणि मामे-मावस भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जी ताकद वाया घालवता, ती जरा इकडे वळवा. आपल्या गावाचा लेख उघडा. त्यात नदीचं नाव तरी बरोबर आहे का, बघा. खातं काढायला पैसे पडत नाहीत. मत आणलं नाही तरी चालेल, संदर्भ घेऊन या.