कुत्र्याचा पट्टा आणि २३१ रुपये

जबलपूरच्या सदर बाजारात भाव न करता वस्तू घेणारा माणूस एक तर नुकताच बदलून आलेला फौजी असतो, नाही तर नवा जावई. मी दोन्ही नाही. छावणीच्या या बाजारात अर्धं आयुष्य घासाघीस केल्यामुळे माझा घरात दबदबा होता, निदान माझ्या समजुतीप्रमाणे. त्यामुळे पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, ऑनलाइन घेतलंत तर पैसे परत मिळतात," तेव्हा आधी अपमान वाटला, मग मोह झाला.

प्रकार साधा आहे. गिऱ्हाईक आणून दिलं की ऑनलाइन दुकान मध्यस्थाला कमिशन देतं आणि कॅशबॅकवाला त्यातला वाटा आपल्याला देतो. थोडक्यात, दलालीतली दलाली. आपल्याकडे स्वाती आणि रोहन भार्गव यांनी २०१३ साली 'कॅशकरो' काढली, २०१६ साली तीत रतन टाटांनी पैसे घातले. खुद्द टाटांनी घातले म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणार? अर्थात मी धरलेली साइट वेगळीच होती. टाटांपर्यंत माझी पोच कधीच नव्हती.

मिक्सर हवा होता. सदरचा दुकानदार म्हणाला, "आपके लिए सौ कम." मी गूढ हसून बाहेर पडलो. घरी येऊन कॅशबॅकच्या साइटवरून दुकानात शिरलो, मिक्सर कार्टमध्ये टाकला आणि पैसे भरताना जुनी खोड उफाळली : अजून काही सुटतंय का बघू! दुसऱ्या एका साइटवर जाऊन कूपन आणलं. पन्नास रुपये सुटले. कॅशबॅक शून्य. गिऱ्हाईक शेवटी ज्याच्या लिंकवरून आलं, कमिशन बहुधा त्याचं. ब्राउझरमधली नवी कुकी जुनीला हुसकावून लावते. भाच्याने विचारलं, "मामा, मधे कुठे गेला होतात का?" हा प्रश्न मला आजवर फक्त बायकोनेच विचारला होता.

मग मी सोवळ्यात खरेदी करू लागलो. आधी कार्ट रिकामी, जाहिराती अडवणारं यंत्र बंद, दुसरी खिडकी उघडायची नाही, फोन आला तरी घ्यायचा नाही. हिच्या माहेरचा एक फोन असा राहिला. त्याचा कॅशबॅक मात्र मला ताबडतोब मिळाला, आणि आठवडाभर मिळत राहिला.

सदरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये मित्रांना ही विद्या समजावली. त्या भरात सगळ्यांच्या डोशांचं बिल मीच दिलं.

पैसे जमत होते, पण 'पेंडिंग'. वस्तू परत करायची मुदत टळली आणि दुकानाने मध्यस्थाचे पैसे चुकते केले, की ते 'कन्फर्म' होणार. यात दोन-तीन महिने सहज जातात. शिवाय अडीचशे झाल्याशिवाय काढता येत नाहीत आणि माझे १९८ वर अडलेले. म्हणून टॉर्च घेतला, पायपुसणं घेतलं, आणि सर्वांत जास्त टक्के प्राण्यांच्या सामानावर दिसले म्हणून कुत्र्याचा पट्टा घेतला. आमच्याकडे कुत्रा नाही. पायपुसणं हातरुमालाएवढं निघालं. ते परत केलं, तर त्याचा कॅशबॅकही रद्द झाला. पट्टा बघून ही एवढंच म्हणाली, "मापाचा आणलाय ना?"

सध्या २३१ झाले आहेत. एकोणीस कमी पडतात. वाचकांपैकी कुणाला मिक्सर घ्यायचा असेल तर कृपा करून माझ्या लिंकवरून घ्या. कूपन मात्र शोधू नका.