गणपतीतली प्रकृती

गणेशोत्सवात प्रकृती सांभाळण्याचा प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यापुरता चतुर्थीच्या दोन महिने आधी, रेल्वेच्या आरक्षणापाशी सुरू होतो. पूर्वी तो चार महिने आधी सुरू होई. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आणि मुंबईच्या चाकरमान्याचा रक्तदाब दोन महिने उशिरा चढू लागला. गाड्या काही मिनिटांत भरतात. उरतो तो महामार्ग. त्याचं चौपदरीकरण इतकी वर्षं चाललं आहे की, कामाला सुरुवात झाली तेव्हा आईच्या मांडीवर बसून आलेली मुलं आता कमरेला पट्टा बांधून स्वतः गाडी चालवतात. रक्तदाबाच्या गोळ्या मुंबईतच राहिल्याचं साधारणपणे कशेडी घाटात आठवतं.

जिल्ह्यात घरगुती गणपती दीड लाखाच्या वर. म्हणजे दीड लाख घरांत उकड काढली जाते. उकडीचा मोदक हा तांदूळ, ओलं खोबरं आणि गूळ यांचा वाफवलेला पदार्थ असल्यामुळे तो पथ्याचा, असा एक समज आहे. तळणीच्या मानाने त्यात तथ्यही आहे, पण ते पहिल्या दोन मोदकांपुरतं. पुढे नाक मोडून आत तूप सोडलं जातं आणि हिशेब बंद होतो. मधुमेही मंडळी ‘यात साखर नाही, गूळ आहे’ असं सांगून तिसरा उचलतात. गुळात थोडंफार लोह असतं हे खरं. मात्र बोटातून थेंब घेणारं यंत्र गूळ आणि साखर यांत भेदभाव करत नाही.

मोदक खाण्याचे त्रास सर्वांना ठाऊक आहेत, करण्याचे फारसे कोणी लिहीत नाही. चटके देणारी उकड तेलापाण्याच्या हाताने मळायची, पारी कडेला पातळ आणि मध्ये जाड ठेवायची, कळ्या एकसारख्या काढायच्या, हळदीच्या पानावर मांडून मोदकपात्राचं झाकण लावायचं. आणि तेवढ्यात ओटीवरून विचारणा येते, ‘नैवेद्याला किती वेळ?’ विचारणारा सकाळपासून झोपाळ्यावर असतो. उत्सवातल्या ताणाची वाटणी घराच्या वाटणीसारखीच विषम असते. दुपारची भांडी पुरुषांनी घासावीत, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. त्याच्या चाचण्या अजून फारशा झालेल्या नाहीत.

परंपरेने पथ्याची सोय केली होती. चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी ऋषिपंचमी येते. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही हा त्या दिवशीचा नेम. अळू, माठाचे देठ, भोपळा, सुरण, मक्याची कणसं घालून केलेली, तेल-मसाला जवळपास नसलेली ऋषीची भाजी कोणत्याही आहारतज्ज्ञाने लिहून द्यावी अशी. गौरी आल्या की अनेक घरांत तिखटाचा नैवेद्य असतो, आणि भाजीने कमावलेलं वडे-सागोती एका पंगतीत घालवते.

व्यायाम मात्र भरपूर होतो. जाखडीत पायात चाळ बांधून तासन् तास घेर धरणाऱ्यांना व्यायामशाळेची गरज नाही. आरतीला तासभर उभं राहणं आणि टाळ्या पिटणं हेही कमी नव्हे. फक्त ‘घालीन लोटांगण’ला स्वतःभोवती गिरकी घेताना साठीच्या पुढच्यांनी खांबाजवळची जागा धरावी. घरोघरच्या आरत्या आणि मग रात्रभर भजन, त्यात दर घरी चहा. झोप नावाची गोष्ट विसर्जनापर्यंत पुढे ढकललेली असते. ओल्या भातखाचरांतून अनवाणी जाणाऱ्याने पायाला जखम नाही ना, हे आधी पाहावं. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो याच दिवसांत डोकं वर काढतो. ताप अंगावर काढू नये. सुंठीचा काढा त्याला पुरत नाही.

मनाच्या ताणाचं प्रमुख कारण भावकी. वर्षभर फोनवर गोड बोलणारे चुलते-पुतणे एका छपराखाली आणि एका न्हाणीघराच्या रांगेत आले की तिसऱ्या दिवशी सातबारा निघतो. गडगा कोणी सरकवला, कलमांचे पैसे कोणी घेतले, हे प्रश्न जेवणानंतर सुपारीबरोबर येतात. अनुभवी घरांतली वडीलधारी माणसं आवाज चढला की टाळ हातात देऊन आरती सुरू करतात. टाळांपुढे सातबारा ऐकू येत नाही, आणि आरत्या संपेपर्यंत मूळ मुद्दा कोणाला आठवत नाही. ज्या घरात आरत्या कमी पाठ, तिथले दावे कोर्टात जास्त.

वजन उतरवण्याचा संकल्प विसर्जनानंतरचा. अनंत चतुर्दशी होते न होते तोच पितृपक्ष लागतो. त्यात खीर आणि वडे पितरांसाठी असले तरी उरलेले कोणालातरी खावेच लागतात. पितृपक्ष संपला की घट बसतात, आणि नवरात्राचे उपवास साबुदाण्याच्या खिचडीवर होतात. पुढे दिवाळी आहे.