सॅन मायशुनोला टँकर लागत नाही

'द सिम्स 4' या व्हिडिओ गेमचा 'सिटी लिव्हिंग' हा जोडखेळ नोव्हेंबर 2016 मध्ये आला. सॅन मायशुनो नावाच्या शहरात फ्लॅट भाड्यानं घ्यायचा आणि शहरी जाच सोसायचा. जाच कसला, तर शेजारी दणदणाट करतो, पाइप गळतो. बीडच्या माणसाला पाइप गळतोय ऐकून आधी आनंदच व्हायचा: म्हणजे पाइपात पाणी आहे! त्याच साली उन्हाळ्यात मराठवाडा टँकरवर जगत होता, बीडशेजारच्या लातूरला तर पाणी रेल्वेनं आलं.

खेळात बिल थकलं की पाणी तुटतं. (इतकी सरळमार्गी नगरपालिका कुणी पाहिली असेल तर कळवावं.) बीडमध्ये पाणीपट्टी भरा, माजलगाव धरणही भरू द्या, नळ त्याच्या मर्जीनं येतो.

आता बीडसाठी वेगळा जोडखेळ काढाच. दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप, मग ऊसतोडीसाठी सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडालगत कोपी. पेंटहाऊस नाही, लिफ्ट नाही, भाडंही नाही. मुकादमाची उचल तेवढी आहे, आणि ती फिटेपर्यंत खेळातून बाहेर पडायचं बटण सापडत नाही.