ऑडिट आलंय: नवशिक्या सरपंचांसाठी मार्गदर्शिका

परंडा तालुक्यात पहिल्यांदाच खुर्चीवर बसलेल्यांनी एक ध्यानात ठेवावं: ऑडिटवाले रस्ता बघायला येत नाहीत, रस्त्याचा कागद बघायला येतात. खडी शिवारात नसली तरी एमबीत, म्हणजे मोजमाप पुस्तकात, असावी, आणि खाली अभियंत्याची सही.

दिल्लीच्या ‘कॅग’ची गोष्ट निराळी. त्यांना राष्ट्रपती नेमतात आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतकंच त्यांना हटवणं अवघड. तिथं कुणाचा फोन चालत नाही. जलयुक्त शिवारवर 9,633 कोटी घालूनही भूजल वाढायला फारसा हातभार लागला नाही, हे त्यांनी 2020च्या अहवालात लिहून टाकलं. आपल्याकडे येतात ते स्थानिक निधी लेखापरीक्षावाले. कायदा 1930चा, खातं राज्याच्या वित्त विभागाखालचं. म्हणजे घरचेच. पण गाफील राहू नये. भार-अधिभार लावून खिशातून वसुली काढायची सोय त्याच कायद्यात आहे.

जडवस्तू संग्रह नोंदवही आधी पुरी करा. परंड्याचा इतिहास या बाबतीत बरा नाही. 55 टनांची मलिक-ए-मैदान तोफ 1632 साली इथल्या किल्ल्यातून विजापूरला गेली. ओढायला 400 बैल आणि 10 हत्ती लागले म्हणतात. एवढी वरात वेशीतून गेली, पण निर्लेखनाचा ठराव कुणी दाखवावा! तोफेचं खपून गेलं. तुमच्या कार्यालयातल्या टेबलफॅनचं खपणार नाही.

आक्षेपांचा कागद, म्हणजे अर्धसमास, हातात पडला की घाम पुसून एकच उत्तर द्यावं: ‘प्रमाणके शोधून पुढील लेखापरीक्षणावेळी दाखविण्यात येतील.’ पुढल्या वेळेपर्यंत ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते आणि आक्षेप ‘प्रलंबित’ या रकान्यात सुखानं नांदतो. आक्षेप काढणाऱ्याला नावं ठेवू नयेत. तो बिचारा काम चोख करतो. त्यानं लिहिलेलं कुणी वाचत नाही, हीच तर आपली खरी कमाई.

धोका एकाच ठिकाणी आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढं मागच्या ऑडिटची टिप्पणी आणि तिची उत्तरं ठेवावीच लागतात. हा विषय चहा फिरत असताना काढावा, भरभर वाचावा. गणपूर्ती नसेल तर उत्तमच: तहकूब सभेला ती लागतच नाही.

मागच्या रांगेतून एखादी म्हातारी उठून ‘आमच्या गल्लीतल्या गटारीचं पान पुन्हा वाचा की’ म्हणाली, तर मात्र या मार्गदर्शिकेत त्यावर उपाय नाही. पान वाचावं.