जॅझकाका

जॅझकाका एका सोसायटीत एकच असतो. दोन निघाले तर त्यांचं आपसात बोलणं नसतं; कुणाची रेकॉर्ड ‘ओरिजिनल’ यावरून कधीच फाटलेलं असतं. वय साठीपुढचं, नोकरी बहुधा बँकेत झालेली. 1978 च्या पहिल्या जॅझ यात्रेला, त्या जॅझ महोत्सवाला, आपण मुंबईच्या रंगभवनात होतो, हे प्रत्येक जॅझकाका सांगतो. सगळ्यांचं खरं धरलं तर रांग चर्चगेटपर्यंत गेली असली पाहिजे.

तुम्ही तावडीत सापडलात की ‘ब्लू अवर’ ही रेकॉर्ड निघते. टेनर सॅक्सोफोनवर स्टॅन्ली टरेंटाइन. साथीला ‘थ्री साउंड्स’, म्हणजे पियानोवर जीन हॅरिस, बासवर अँड्र्यू सिम्पकिन्स, ड्रम्सवर बिल डाउडी. ध्वनिमुद्रण 16 डिसेंबर 1960, न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत. एवढं सगळं तुम्ही चपला काढेपर्यंत सांगून झालेलं असतं.

मग रेकॉर्ड लागते? छे! आधी भिंग. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी कोरी पट्टी असते, तिच्यात व्हॅन गेल्डरची आद्याक्षरं आणि रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्याची कानासारखी दिसणारी बारीक खूण शोधायची. (व्हॅन गेल्डर मुळात डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढणारा. त्याला हा सोहळा आवडला असता.) “दिसला का कान?” दिसला म्हणा. नाही म्हणालात तर ट्यूबलाइटखाली नेतील.

एकदाची पिन टेकते. टरेंटाइनचा सूर जाड, उबदार, कडेला जरासा खरखरीत. घाई म्हणून नाही. एक ओळ संपली की तो थांबतो, आणि त्या मोकळ्या जागेत हॅरिस चर्चच्या वळणाचे दोन-चार सूर हलकेच टाकतो. या रेकॉर्डची सगळी मजा त्या जागेत आहे, आणि काका नेमके तिथेच शिरतात. “ऐक, ऐक आता!” गुडघ्यावर थाप. “हे मिशिगनमधल्या बेंटन हार्बरचे. आधी चौघं होते. सॅक्सोफोनवाला गेला, म्हणून तिघं!” तोवर हॅरिसचा सोलो आटोपलेला असतो.

थ्री साउंड्सच्या रेकॉर्डी धडाधड खपत, म्हणून समीक्षक नाकं मुरडत. त्यावर काका खवळतात. “लोकांना आवडलं की हलकं, होय रे?” प्रश्न बिनतोड आहे. फक्त हेच काका सिनेमाच्या गाण्यांना ‘बाजारू’ म्हणतात. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त चिक चॉकलेटसारखा गोव्याचा अस्सल जॅझवाला होता, ही आठवण करून द्यायची नाही. दिलीत, तर चहा येत नाही.

खरं ऐकत असतात त्या काकू. आत मटार सोलता सोलता. काका प्रेसिंगची सालं मोजत असतात आणि आतून आवाज येतो, “अहो, बाजू संपली. उलटा ती. नुसती खरखरतेय केव्हाची.”

रेकॉर्ड उत्तम आहे, तेव्हा बोलावणं आलं तर जरूर जा. पण दुसऱ्या बाजूचं ‘विलो वीप फॉर मी’ नीट ऐकायचं असेल, तर दुपारी दोन ते चारच्या मध्ये जा. काका झोपलेले असतात, आणि पिन ठेवायला काकूंना येतं.