नकाशावरच्या लाल टाचणीला अनावृत पत्र

श्रीमती लाल टाचणीबाई यांस,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा संगणकावर हवामान बघायला गेलो, तर आपण मला पुन्हा मुंबईत नेऊन बसवलंत. मी साताऱ्यात, खिडकीबाहेर रिपरिप पाऊस आणि पडद्यावर अंधेरीचा घामट उकाडा. माझ्या इंटरनेटवाल्याच्या आयपी पत्त्यांची (म्हणजे इंटरनेटवर यंत्र ओळखायच्या आकड्यांची) नोंद मुंबईची, म्हणून मीही मुंबईकर! अंधेरीत फुकट जागा मिळत असताना कोण तक्रार करतो? पण आपले पोटविनचे पराक्रम वाचले आणि राहवलं नाही.

आठवतंय ना पोटविन? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं, विचिटापासून तासाभरावरचं चिमुकलं गाव. तिथे एका वृद्ध बाईंची ३६० एकर जमीन. मॅक्समाइंड ही आयपी पत्त्यांवरून ठिकाण सांगणारी कंपनी २००२ साली सुरू झाली, तेव्हा तिला पेच पडला : पत्ता अमेरिकेतला आहे एवढंच कळलं, तर टाचणी टोचायची कुठे? देशाच्या मध्यावर! मध्याचे आकडे अपूर्णांकातले, कटकटीचे. म्हणून अक्षांश ३८, रेखांश उणे ९७ असं सुटसुटीत करून टाकलं. (त्या सुटसुटीतपणात खरा मध्य दोनशे किलोमीटरहून दूर राहिला, पण एवढ्या मोठ्या देशात ते कोण मोजतं.) आणि आपण थेट त्या बाईंच्या शेतात जाऊन उभ्या राहिलात. सुमारे ६० कोटी आयपी पत्ते एका घरावर! आमच्याकडे सातबाऱ्यावर चौथ्या भावाचं नाव लागलं तरी कोर्टकचेरी होते.

पुढे पाहुण्यांची काय ती रीघ! एफबीआयवाले आले, करवसुलीवाले आले, आत्महत्येच्या विचारात असलेल्या माजी सैनिकांना शोधत रुग्णवाहिका आल्या, पळून गेलेली मुलं शोधत पोलीस आले. २०११ मध्ये एक कुटुंब तिथे भाड्याने राहायला आलं, तर पहिल्याच आठवड्यात चोरीचा ट्रक शोधत शिपाई दारात. कोणी एकाने वाटेवर फुटका संडास आणून ठेवला. त्या बाईंनी आपलं काय घोडं मारलं होतं? शेवटी शेरीफने वाटेच्या तोंडाशी पाटी लावली : इथून मागे फिरा, काही विचारायचं असेल तर मला विचारा. चोर सोडून संन्याशाला सुळी हे आमच्याकडे नुसतं म्हणण्यापुरतं होतं. आपण ते यंत्रावर चालवून दाखवलंत.

आता आपल्या ज्ञानाबद्दल. आयपी पत्त्यांचे गठ्ठे इंटरनेटवाल्या कंपन्यांना मिळतात. कंपनी आज मला एक देते, उद्या तोच शेजारच्याला. मोबाइलवर तर एका पत्त्याआड शेकडो माणसं एका वेळी बसलेली. अमुक क्षणी तो कोणाकडे होता, हे इंटरनेटवाल्याच्या वहीत असतं आणि ती वही पोलिसांनी रीतसर मागितली की उघडते. आपल्याकडे ती वही नाही. आपल्याकडे आहे अंदाजपंचे दाहोदरसे. देश बहुतेक वेळा बरोबर, शहर नशिबावर, आणि घर तर राम भरोसे.

अंदाज चुकतो, त्याचा राग नाही. आमचा पोस्टमनसुद्धा चुकतो. पण पत्ता कळला नाही तर तो ‘पत्ता अपुरा’ असा शेरा मारून पाकीट परत धाडतो. दिसेल त्या पहिल्या ओसरीवर टाकून जात नाही. आपल्याला मात्र ‘माहीत नाही’ हे दोन शब्द जड! म्हणून अज्ञानापुढे चार शून्यं लावायची, ३८.०००० असं लिहायचं आणि टोक एखाद्याच्या छपरात रुतवायचं. अख्ख्या देशावर फिकट रंग फासला असता तरी खरं बोलल्याचं पुण्य लागलं असतं.

२०१६ मध्ये कश्मीर हिल या पत्रकार बाईंनी आपलं बिंग फोडलं, तेव्हा कंपनीने आपल्याला उचलून विचिटाच्या पश्चिमेच्या जलाशयात नेऊन टाकलं. भाडेकरूंनी त्याच वर्षी कंपनीवर खटला भरला. आपण पाण्यात गेलात, बरं वाटलं. मग कळलं, दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियातही एका घरामागे पोलीस आणि हरवलेल्या फोनचे मालक लागले होते. तिथे शहर एवढंच कळलं की आपण त्याच अंगणात!

या पत्राचं उत्तर कृपया पाठवू नये. ते अंधेरीत ज्या कोणाच्या दारी पडेल, तो बिचारा माझ्या वतीने आपल्याशी भांडत बसेल.

आपला,
(आपल्या मते) एक मुंबईकर